कोरडे पाकीट

२ सप्टेंबर

चिमण,

या पत्रात मला एक विधान सिद्ध करायचे आहे. ते आरंभीच मांडते, म्हणजे तुला सवयीप्रमाणे शेवटचे पान आधी उलटून पाहावे लागणार नाही. विधान असे: १८ एप्रिलला 'तपासणी अहवाल हिअरविथ पाठवीत आहे' या वाक्याखाली तू सही केलीस, तेव्हा ते वाक्य खोटे होते, आणि ते खोटे आहे हे सही करताना तुला ठाऊक होते.

वर आशीर्वाद लिहायचा राहून गेलेला नाही.

तुझे पत्र शनिवारी पोचले. चार वर्षांतले पहिले. पाकिटाच्या तोंडाशी डिंक ओघळून वाळला होता आणि त्यात एक पांढरा केस अडकला होता. तुझाच असावा. मी तो चिमट्याने काढला, टेबल पुसले, हात धुतले आणि मग वाचायला बसले. पहिली दोन पाने माझे गुडघे, माझे डोळे आणि 'आपलं लहानपण' यांवर खर्ची पडली आहेत. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची तुझी खोड जुनीच. भांडे तिसऱ्या पानावर निघाले.

तुझ्या पत्रातून आणि वर्तमानपत्रांतून मला समजलेली वस्तुस्थिती प्रथम मांडते. चुकत असेन तर कळव.

बस डेपोमागच्या टाकीच्या पाण्याचा नमुना तुझ्या प्रयोगशाळेत ११ एप्रिलला आला. अहवाल सात दिवसांत द्यावा असा नियम. सातव्या दिवशी, १८ एप्रिलला, तुझ्या सहीचे पत्र पाणीपुरवठा कचेरीकडे निघाले. पाकिटात पत्र होते, अहवाल नव्हता. कचेरीने २७ एप्रिलला कळवले की अहवाल मिळाला नाही. तू तो ११ मे रोजी पाठवलास. पाण्यात मैला मिसळत आहे, असे त्यात लिहिले होते. दुसऱ्या दिवशी टाकी बंद झाली. दरम्यान डेपोमागच्या चार गल्ल्यांनी ते पाणी आणखी तीन आठवडे प्यायले. एकसष्ट माणसांना कावीळ झाली. त्यांतली सात महिन्यांची गरोदर बाई वाचली नाही.

हे तुझ्या पत्रात 'तो दुर्दैवी प्रकार' या तीन शब्दांत आले आहे. तीन शब्द मी दोनदा मोजले.

चौकशीत तू सांगितलेस की अहवाल वेळेवर तयार होता, पण जावक टपाल पाहणारी कारकून तो पाकिटात घालायला विसरली. सगळी कचेरी जिला टपालबाई म्हणते, तीच ती. सव्वीस वर्षे तिने पाकिटे बंद केली. तुझ्या एका वाक्यावर ती निलंबित झाली आणि वीस तारखेच्या शेवटच्या सुनावणीत तिला बडतर्फ करतील. पण चौकशी अधिकाऱ्यांनी मधेच १८ एप्रिलच्या अहवालाची मूळ प्रत मागितली, तुझी कहाणी लंगडू लागली, आणि तुला बहीण आठवली.

कचेऱ्यांच्या पत्रव्यवहाराची नियमपुस्तिका मी लिहिली, ती अजून सर्वत्र वापरतात, म्हणून माझ्या दाखल्याला वजन येईल असा तुझा होरा आहे. दाखल्यात मी असे लिहायचे की 'हिअरविथ' हा केवळ शिष्टाचाराचा शब्द आहे. वस्तू खरोखरच पाकिटात आहे असा त्याचा अर्थ घेऊ नये. म्हणजे तूही खोटे बोलला नाहीस आणि टपालबाईही काही विसरली नाही. तुझे शब्द: 'एवढं लिहून दे, मी तिच्यावरची तक्रार मागे घेतो. तुझ्या एका सहीनं दोन माणसं सुटतात, अक्का.' एका माणसाचा गळा धरून दुसऱ्या माणसाकडे सही मागण्याला काय म्हणतात, ते तुला ठाऊक नसावे. मसुदाही तूच तयार करून पाठवला आहेस. त्यात 'हिअरविथ' दोनदा आला आहे, आणि दोन्ही वेळा चुकला आहे.

हा शब्द दोन तुकड्यांचा आहे: 'याच्या' आणि 'सोबत'. सोबत होण्यासाठी दोन वस्तू लागतात. एक हे पत्र, आणि दुसरी अशी काहीतरी, जी पाकीट उघडणाऱ्याच्या हाताला लागेल: दाखला, नकाशा, पावती, किल्ली. जेथे पत्रच कृती करते, म्हणजे राजीनामा देते किंवा हक्क सोडते, तेथे 'हिअरबाय', म्हणजे 'याद्वारे', लिहावे. वस्तू मागाहून जाणार असेल तर 'स्वतंत्रपणे पाठवू' असे लिहावे. 'मी हिअरविथ विनंती करतो', 'मी हिअरविथ कळवतो' ही वाक्ये भरजरी कपड्यातल्या भिकाऱ्यासारखी आहेत. एकदा आपल्या कचेरीतून एका विधवेला पत्र निघत होते, 'आम्ही हिअरविथ तीव्र दुःख व्यक्त करतो.' मी ते अडवले आणि लिहिणाऱ्याला विचारले, दुःख कितव्या पानाला टाचले आहे? त्याला विनोद कळला नाही. मी विनोद केला नव्हता.

तेव्हा या शब्दाला सैल अर्थ नाही. तो लिहिणारा माणूस एक घटना सांगत असतो: वस्तू आत आहे.

आता तुझे वाक्य. अहवाल १८ एप्रिलला एकतर तयार होता किंवा नव्हता. तयार असता, तर २७ एप्रिलला मागणी येताच दुसरी प्रत काढून त्याच दिवशी पाठवता आली असती. तुला चौदा दिवस लागले. म्हणून तो तयार नव्हता. नमुन्याची बाटली तेव्हा शीतकपाटात झाकणासकट बसून होती. जो कागद जगात नव्हता तो पाकिटात घालायला टपालबाई विसरू शकत नाही. विधान सिद्ध झाले.

यामागची रीतही मला ठाऊक आहे. मुदत जावक क्रमांकावर मोजतात. पाकिटाला क्रमांक पडला की काम झाले. समोरची कचेरी पाकीट उघडते, आत काही नाही असे उलट लिहिते, आणि नवी मुदत सुरू होते. याला तुम्ही 'कोरडे पाकीट' म्हणता. हा शब्द मी प्रथम माझ्या निरोपसमारंभात तुझ्या तोंडून ऐकला. 'अक्काच्या नाकाखालून किती कोरडी पाकिटं गेली, तिला पत्तासुद्धा नाही!' असे तू सर्वांसमोर म्हणालास आणि अख्खे सभागृह हसले. मी हार खुर्चीवर ठेवून निघून आले, हे तुला आठवत असेल. तोपर्यंत या प्रकाराची मला कल्पना नव्हती.

दाखला मिळणार नाही. या शब्दाचा खरा अर्थ आणि वरील तारखांचा युक्तिवाद मी आजच चौकशी अधिकाऱ्यांना लिहून पाठवते.

तुझी बहीण


९ सप्टेंबर

चिमण,

काल सकाळी तुझा फोन आला. उत्तर पत्रानेच देते, कारण फोनवर तू माझे एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत जाऊ देत नाहीस. आपले बोलणे मी रिसीव्हर ठेवताच उतरवून घेतले. पडताळून पाहा.

'अक्का, अभिनंदन! तुझा कागद साहेबांना फार आवडला. म्हणाले, असं नेमकं लिहिणारी माणसं आता राहिली नाहीत.'

'मग?'

'मग काय, टपालबाई गेली. तूच लिहिलंस ना, हिअरविथ म्हटलं की वस्तू आत आहे असंच सही करणारा सांगतो? साहेब म्हणाले, अधिकारी सांगतोय आत आहे, आणि उघडल्यावर आत नाही. मधे कोण होतं? टपालबाई. संपलं.'

'मी तारखांबद्दलही लिहिलं होतं. चौदा दिवस—'

'तारखांचं मी सांगितलं त्यांना. फाइल गहाळ, मशीन बंद, पुन्हा तपासणी. अगं, तुला शब्द विचारला होता, तू शब्द सांगितलास. मी म्हणत होतो ना, जरा ढिलं सोड? दोघंही सुटलो असतो. आता एका बाईची नोकरी तुझ्या शुद्धलेखनानं घेतली. मी नाही हं घेतली!'

'तुला लाज वाटते का रे थोडी?'

'वाटते ना. पण वाटून काय करू? बरं, गुडघे कसे आहेत?'

मी रिसीव्हर ठेवला आणि रुमालाने पुसला. तुझा आवाज त्यातून आला होता, एवढ्याच कारणाने. अशा गोष्टी मी सहसा करत नाही.

त्यानंतर मी चौकशी अधिकाऱ्यांना फोन लावला. गृहस्थ सभ्य आहेत. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, 'बाई, तुम्ही शब्दाच्या जाणकार. शब्दाचं तुम्ही सांगितलंत, आभारी आहोत. पण रिकामी पाकिटं मुद्दाम पाठवायची रीत आहे म्हणता, तर त्याला काही पुरावा? लेखी काही? कोणी साक्ष देईल?' मी म्हणाले, माझ्या भावाने भर समारंभात सांगितले होते. ते म्हणाले, 'समारंभात माणसं काहीही बोलतात हो.'

म्हणून काल दुपारी मी माझ्या हाताखाली काम केलेल्या तिघांना फोन केले. पहिला म्हणाला, 'मॅडम, माझ्याच सहीची शंभरेक असतील, मी कसा बोलू?' दुसऱ्याकडे पाहुणे आले होते. तिसरीने माझ्या तब्येतीची इतकी चौकशी केली की मूळ प्रश्नाला जागाच उरली नाही. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. कारण सगळ्यांचे हात त्या डिंकाने चिकट आहेत.

माझ्या युक्तिवादात चूक कोठे झाली ते मी शोधले. व्याख्या बरोबर होती. अनुमान बरोबर होते. पण वाक्य खोटे आहे हे दाखवल्याने ते कोणी आणि का खोटे केले हे सिद्ध होत नाही, आणि ती उरलेली जागा तू माझेच आधारविधान घेऊन भरून टाकलीस. वादात हरणे मला नवे नाही. माझे वाक्य दुसऱ्याच्या तोंडात चघळले जाताना पाहणे नवे आहे. घरी कोणी अर्धवट चोखलेली गोळी माझ्या ताटात ठेवली असती, तरी मला एवढी शिसारी आली नसती.

तुला पंधरा तारखेपर्यंत वेळ देते. अधिकाऱ्यांकडे जा आणि अहवाल तयार नव्हता एवढे एक वाक्य सांग. ते तुझ्याच तोंडून यायला हवे. माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही.

तुझी बहीण


१४ सप्टेंबर

चिमण,

माझ्या मागच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य सत्य असले तरी 'माझ्याजवळ दुसरा पुरावा नाही' हे शेवटचे वाक्य आता टिकत नाही. काल काय घडले ते क्रमाने लिहिते. यात काही गाळावे असा मोह झाला होता. तो आवरला आहे.

काल अकराच्या सुमारास टपालबाई माझ्या घरी आली. मी तिला चार वर्षांनी पाहिले. डाव्या हाताच्या अंगठ्याला डिंकाने पडलेले घट्टे अजून तसेच आहेत. खुर्चीच्या कडेवर बसली, जशी माझ्या केबिनमध्ये बसत असे. ती रदबदली मागायला आली असणार असे मी गृहीत धरले आणि बोलायला सुरुवात केली की माझ्या हातात असते तर. ती म्हणाली, 'मॅडम, आधी हे बघता का?' आणि पिशवीतून प्लास्टिकच्या आवरणात ठेवलेला एक कागद काढला.

'हे अक्षर तुमचंच ना?'

कागद इंग्रजीत लिहिलेला होता, तिच्या गोल अक्षरात. त्यावर लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. मी त्या मोजल्या: सात. पहिल्याच ओळीत 'मी हिअरविथ तक्रार करते की' असे होते. 'हिअरविथ'भोवती लाल वर्तुळ आणि समासात दोन शब्द: 'सोबत काय?' तळाशी, तिरके: 'भाषा सुधारून पुन्हा सादर करा.'

अक्षर माझे आहे. 'क'ची शेपटी अशी कोणी काढत नाही.

'कधीचा आहे हा?' मी विचारले. तारीख वरच होती, नऊ वर्षांपूर्वीची.

'तुम्ही शाखाप्रमुख होतात तेव्हाचा. मला कोणीतरी सांगितलं होतं, मॅडमकडे लेखी दे, त्या तोंडी ऐकत नाहीत. म्हणून लेखी दिलं. इंग्रजीत दिलं, म्हणजे तुम्ही मनावर घ्याल असं वाटलं. चार महिन्यांनी परत आलं.'

'मग पुन्हा का नाही दिलंस?'

ती हसली. 'दिलं असतं हो. पण वाटलं, आधी बरोबर लिहायला शिकावं. क्लास लावला. सहा महिने गेले. मग माझी बदली झाली, परत आले तोवर सगळ्यांना सवय झाली होती. मलाही झाली. खोटं कशाला बोलू? साहेब म्हणायचे, बाई, हे कोरडं जाऊ दे. मी कोरडं जाऊ देत होते. एप्रिलचं ते पाकीटही मीच बंद केलं, रिकामं आहे हे माहीत असून. तेवढं माझ्यावर ठेवा. पण विसरले म्हणतात ना, ते नको. सव्वीस वर्षांत मी एकही कागद विसरलेली नाही.' मग म्हणाली, 'हिअरविथ मात्र आता कधी चुकत नाही, बघा.'

हे टोचून बोलणे होते की साधे सांगणे, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

मी विचारले, हा कागद चौकशीत का दाखवला नाहीस?

'दाखवला ना. चौकशीचे साहेब म्हणाले, खाली सही नाही, लाल पेन्सिल कोणाचीही असेल. मॅडमनी सांगितलं की हे माझं अक्षर, तर गोष्ट वेगळी.'

'तू आधी का नाही आलीस?'

'तुमचं नाव खराब होईल म्हणून थांबले होते.' मग मान हलवून म्हणाली, 'नाही. तसं नाही. तुम्ही नाही म्हणाल अशी भीती वाटली.'

मी तिला सांगितले की कागद ठेवून जा, मी विचार करून कळवते. तिने आवरण पुन्हा पिशवीत घातले. 'ठेवत नाही मॅडम. इथंच बघून घ्या, कितीही वेळ लागू दे. मागच्या वेळी ठेवला होता.'

म्हणून मी तो तिच्यासमोर बसून वाचला. चिमण, २ सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिले होते की निरोपसमारंभापर्यंत मला या प्रकाराची कल्पना नव्हती. ते विधान खोटे आहे. त्या कागदात सगळे होते: कोणती कचेरी, महिन्याला किती पाकिटे, कोणाच्या सह्या. तुझीही होती. मी तो कागद वाचला नव्हता असे म्हणण्याची सोय आहे, आणि काल रिकाम्या खोलीत मी तसे एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिले. पण सात चुका न वाचता सापडत नाहीत. मी तो तपासला होता. माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद मी तपासत असे. तो मला काही सांगू पाहत आहे, याकडे माझे लक्ष नसे.

ती जाताना दारात म्हणाली, 'सतराला शेवटचे कागद घेणार आहेत. वीसला निकाल.' तिने हात जोडले नाहीत. मला ते बरे वाटले.

काल दुपारपासून मी पाणी उकळून, गाळून, तांब्यात ओतून ठेवते आणि पीत नाही. तोंडाला चव नाही असे म्हणतात, तसे नव्हे. चव आहे, आणि ती जात नाही.

अजून मी काय करणार ते ठरवलेले नाही. हे तुला सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरी सांगितले.

अक्का


१८ सप्टेंबर

चिमण,

परवा तू स्वतः आलास. त्या भेटीची नोंद ठेवणे आवश्यक आहे, कारण उद्या तू तिची वेगळी हकीकत सांगशील.

तू बाहेरच्या चपला घालून आत आलास आणि माझ्या वाचायच्या खुर्चीत बसलास. मी पाणी दिले. पेला ओठांशी नेऊन तू थांबलास आणि म्हणालास, 'उकळलेलं आहे ना गं?'

चिमण, मी तुला पाळण्यापासून पाहते आहे. आई गेल्यावर तुझे केस मी विंचरले, तुझी नखे मी कापली, तुझ्या ओकाऱ्या मी पुसल्या. तुझ्या शरीराची किळस मला कधीही आली नव्हती. त्या पेल्यावरची तुझी बोटे पाहून आली.

तू म्हणालास, 'अक्का, ऐक. अक्षर ओळखू नकोस. एवढंच. नाही म्हणायचंही नाही. आठवत नाही म्हण. या वयात कोणाला आठवतं? तुझी पुस्तिका राहील, माझी नोकरी राहील.'

'आणि ती?'

'तिला मी दुसरीकडे लावून देतो. माझ्या ओळखीनं. शब्द देतो.'

'तुझ्या शब्दाची मला माहिती आहे.'

'टोमणे मार, मार. पण एक सांग. तुझं काय गं? ते पेपरवाले लिहितील ना, मोठ्या बाईंना नऊ वर्षं आधी कळवलं होतं म्हणून. तुझ्याच पुस्तिकेवर तुझं नाव वाचून लोक थुंकतील. मी एकटा नाही बुडत, अक्का.'

मग तुझा आवाज बदलला. तू म्हणालास, 'मला आत टाकतील गं.' आणि माझा पदर धरलास, सत्तावन्न वर्षांचा माणूस. या वाक्यात मात्र खोटे काही नव्हते. तुझ्या पत्रांत आणि बोलण्यात मिळून या महिन्यातले ते पहिले खरे वाक्य असावे. मी तुझा हात सोडवला. सोडवायला वेळ लागला. मी घाई केली नाही, हेही नोंदवते.

तू गेल्यावर मी विचार केला की तुझ्या युक्तिवादात दोष कोठे आहे. मला दोष सापडला नाही. मी गप्प राहिले तर पुस्तिका राहील, तुझी नोकरी राहील, माझे नाव राहील, आणि टपालबाई जाईल. प्रत्येक पायरी बरोबर होती. मग ध्यानात आले की नऊ वर्षांपूर्वी त्या कागदावरही मी नेमके हेच केले होते: प्रत्येक ओळ बरोबर आहे की नाही एवढेच पाहिले होते.

काल सकाळी मी चौकशी कचेरीत गेले. जिना तीन मजल्यांचा आहे. तू विचारतच असतोस म्हणून सांगते, गुडघे दुखले. टपालबाई बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले, उठली नाही. अधिकाऱ्यांनी तिच्याकडून कागद मागून माझ्यासमोर ठेवला. मी अक्षर ओळखले. त्यांनी लाल पेन्सिल देऊन समासातले ते दोन शब्द माझ्याकडून पुन्हा लिहून घेतले आणि ताडून पाहिले. नंतर बराच वेळ ते तक्रारीचा मजकूर वाचत होते. माझ्या आधी तो कोणी वाचला असता तर बरे झाले असते.

त्यांनी तुझ्या प्रयोगशाळेची दहा वर्षांची जावक रजिस्टरे त्याच दुपारी मागवली. टपालबाईचा निर्णय वीस तारखेलाच होईल. पण 'विसरली' हा आरोप आता उभा राहत नाही, असे ते मला स्वतःहून म्हणाले. रिकामे पाकीट जाणूनबुजून बंद केल्याबद्दल तिला ताकीद मिळेल. ती ताकीद तिला मान्य आहे. तुझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मी विचारले नाही.

तुला वकील लागेल. मी ज्यांच्याकडे शिकले त्यांच्या मुलाचा पत्ता मागच्या बाजूस लिहिला आहे. तो तुला सोडवील असे नाही; पण तो तुझे ऐकून घेईल. तुला आत टाकलेच, तर भेटीच्या दिवशी मी येईन. माझ्याशी बोलावेसे वाटले नाही तर बोलू नकोस.

मी जे लिहून दिले त्याचा मजकूर खाली उतरवते. तो तू दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू नयेस.

मा. चौकशी अधिकारी यांस,

आपण आज दाखवलेल्या तक्रारीवरील लाल पेन्सिलीचे अक्षर माझे आहे. तक्रार नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. ती माझ्याकडे चार महिने होती. कार्यालयातून अहवालाविना रिकामी पाकिटे जाणूनबुजून पाठवली जातात, असे तीत स्पष्ट शब्दांत म्हटले होते. मी तिच्यावर कोणतीही कारवाई केली नाही आणि ती वरिष्ठांकडे पाठवली नाही. तक्रार करणाऱ्या कारकुनाने आपले कर्तव्य केले होते. मी माझे केले नाही. यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता.

तक्रारीच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, यामुळे एखाद्या दिवशी कोणाला तरी अपाय होईल, या अर्थाचे एक वाक्य आहे. त्यातील क्रियापदाचे रूप चुकले होते. मी ते दुरुस्त केले आणि कागद परत पाठवला.

ही माझी चूक आहे.

सही
निवृत्त प्रमुख, पत्रव्यवहार शाखा
१७ सप्टेंबर